डिस्पर्शन मॉडेल रन करायच्या आधी घड्याळ तपासा

डिस्पर्शन मॉडेल म्हणजे चिमणीचा किंवा गाड्यांचा धूर हवेत कुठे आणि किती पसरेल ते काढणारा प्रोग्राम. वाऱ्याचा डेटा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) आहे की स्थानिक वेळेत, हे फाइल उघडल्या उघडल्या लिहून ठेवा. मागच्या वेळी मी हे बघितलं नाही आणि तीन आठवड्यांचं काम परत करावं लागलं, म्हणून यादीत हे पहिलं.

चिमणीची उंची, व्यास, धुराचा वेग आणि तापमान लागणारच. तापमान केल्विनमध्ये टाका, धूर किती वर चढणार ते त्यावरही ठरतं. वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती, 270 म्हणजे पश्चिमेकडून, धूर पूर्वेला जाणार.

आता परत वेळ. माझी एमिशनची फाइल (कुठून, कधी, किती धूर निघतो ती) स्थानिक वेळेत होती आणि हवामानाची यूटीसीत, त्यामुळे सकाळी 8 च्या ट्रॅफिकचा धूर मॉडेलने दुपारी दीडच्या हवेत सोडला. सकाळी मिक्सिंग हाइट, म्हणजे जमिनीपासून जिथपर्यंत हवा ढवळली जाते ती उंची, काहीशे मीटर असते, दुपारी ती दीड-दोन किलोमीटरपर्यंतही जाते, म्हणजे तोच धूर कितीतरी जास्त हवेत पसरला आणि सकाळचा पीक गायब. 24 तासांची सरासरी मात्र पटेल अशी आली, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. पाच मिनिटं काढा आणि तापमानाचा तासवार ग्राफ बघा. कमाल तापमान सकाळी 9 ला दिसलं तर डेटा सरकलाय. वरच्या हवेचं मोजमाप करणाऱ्या बलूनच्या नोंदी तर बहुतेक 00 आणि 12 यूटीसीच्याच असतात, तिथे हमखास घोळ होतो. हवा किती ढवळली जाते ते सांगणारे पास्क्विलचे ए ते एफ वर्गही (ए सगळ्यात जास्त ढवळलेली, एफ सगळ्यात स्थिर, रात्रीची) ऊन, ढग, वारा बघून ठरतात, भर दुपारी एफ दिसला तर तिथेच थांबा, पुढे जाऊच नका.

वारा पडलेले तास वेगळे काढा. धुराचं प्रमाण काढायच्या नेहमीच्या गॉसियन सूत्रात वाऱ्याच्या वेगाने भागायचं असतं, वेग शून्याकडे गेला की आकडा वाट्टेल तसा फुगतो. पण म्हणून ते तास गाळू नका हं, प्रदूषण साचतं ते बऱ्याचदा त्याच तासांत. त्यासाठी पफ मॉडेल (धुराचे सुटे सुटे पुंजके धरून ते कसे सरकतात ते बघणारं) घ्या, वेळ जास्त लागला तरी चालेल.

मग ग्रिड (ज्या ठिकाणांचे आकडे हवेत त्यांची जाळी), डोंगर-उतार, आसपासच्या इमारती, एक दिवसाची ट्रायल आणि मग पूर्ण रन. शेवटी प्रदूषण मोजणाऱ्या मॉनिटरशी ताडून बघाल तेव्हा त्याचंही घड्याळ विचारा, आणि 8 चा आकडा म्हणजे 7 ते 8 चा की 8 ते 9 चा, हेसुद्धा.