सुरतेच्या खानदेशी वस्तीत मुलांची मैत्री कशी सांभाळावी

खानदेशातून सुरतेला गेलेल्या कुटुंबांपैकी काहींनी उधना-लिंबायतकडे स्वतःचे घर घेतले, तर काही अजूनही भाड्याच्या खोलीत राहून कापडाच्या लूमवर (यंत्रमागावर) बारा तासांची पाळी करतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या सणाला मात्र दोन्ही घरची मुले सुरतेहून खानदेशात येणाऱ्या ताप्ती लाइन या रेल्वेमार्गाच्या एकाच गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला उतरतात आणि गावात दिवसभर बरोबर असतात. परिस्थितीतला फरक त्यांना दिसत नाही, असे समजू नये. तो दिसतोच, अवघडलेपण बहुधा मोठ्यांच्या वागण्याने येते.

म्हणून आधी देण्याघेण्याकडे लक्ष द्यावे. ज्यांचे बरे चालले आहे त्यांनी आपल्या मुलाबरोबर त्याच्या मित्रालाही कपडे किंवा सायकल घेऊन देण्याचा मोह टाळावा, कारण त्याची परतफेड करता येत नाही आणि ते मूल हळूहळू त्या घरी येणेच टाळू लागते. वापरलेली पुस्तके द्यायचीच असतील, तर मोठ्यांनी मोठ्यांशी बोलून, मुले समोर नसताना द्यावीत. ‘आमच्याकडेच जेवायला ये’ हा आग्रहही रोज करू नये, कारण त्याने समोरच्या घराचा पाहुणचार करण्याचा मान जातो. आपल्या मुलाला मित्राच्या घरी पाठवावे आणि तिथली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर व ठेचा त्याने तिथेच बसून खावा. आपल्याकडच्या बायका हे सहज करतात, पुरुषांना सांगावे लागते.

केक आणि भेटवस्तूंच्या वाढदिवसापेक्षा दिवाळीच्या सुटीत शेतात भरीत करणे चांगले, कारण वांगी एका घरची, ती भाजायला पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) दुसऱ्याच्या शेतातल्या आणि भाकरी तिसऱ्या घरच्या, असे सर्वांना काही ना काही आणता येते.

सुरतेत एक मूल महापालिकेच्या मराठी शाळेत आणि दुसरे खासगी इंग्रजी शाळेत असेल, तर रोजची भेट आपोआप होत नाही, म्हणून आठवड्यातला भेटीचा वार ठरवून द्यावा.

काम सुटल्याने एखादे कुटुंब वर्षाच्या मध्येच गावी परतते. अशा वेळी कागदपत्रांची मदत अवश्य करावी. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 मध्ये म्हटले आहे. हा नियम आठवीपर्यंत लागू आहे. मुख्याध्यापकांना भेटताना त्या मुलाच्या वडिलांना पुढे बोलू द्यावे, आपण शेजारी बसावे, आणि निघण्यापूर्वी दोन्ही मुलांकडे एकमेकांच्या घरचा फोन नंबर आहे ना, हे पाहावे.