टायगर कोळंबी: गाभोळीची मादी कशी ओळखावी

कोळंबी उताणी धरा. पोहायच्या पायांच्या पहिल्या जोडीत मधोमध जुळलेला अवयव, पेटॅस्मा, दिसला तर नर. चालायच्या पायांच्या शेवटच्या जोडीमध्ये चपटी, उभी फट असलेली थेलिकम दिसली तर मादी. पिल्लांत हे उमटलेलं नसतं.

गाभोळी, म्हणजे अंगातली अंडी, पाहायला अंधारात पोटाखालून टॉर्च लावा, पाठीकडून बघा. गडद हिरवा जाड पट्टा शेपटाच्या पहिल्याच खंडात पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात फुगला असेल तर मादी पिकली; अंडी रात्रीच सोडते. बारीक काळी रेघ म्हणजे आतडं, इथेच बरेचजण फसतात. अंडी टाकलेली मादी कच्चीसारखीच दिसते. पिकलेल्या मादीत लाखो अंडी असतात, जिवंत असेल तर तिला पाण्यात सोडाच.