मेमरी मोजणाऱ्या फंक्शनच्या नावातच एकक लिहा

प्रोग्रॅम किती मेमरी खातोय ते मोजणारं मॉड्यूल लिहिलं, पण आकडा हजारपट चुकीचा येतोय? बहुतेक वेळा दोष एककाचा असतो. आरएसएस म्हणजे प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) प्रत्यक्ष रॅममध्ये व्यापलेली मेमरी. प्रोसेसचा वापर सांगणाऱ्या 'गेटआरयूसेज' या सिस्टिम फंक्शनमधला 'मॅक्सआरएसएस', म्हणजे आरएसएसचा उच्चांक, लिनक्सवर किलोबाइटमध्ये येतो, मॅकवर बाइटमध्ये. पायथॉनच्या 'पीएसयूटिल' लायब्ररीचा 'आरएसएस' मात्र बाइटमध्येच.

१. मॉड्यूलचं नाव 'प्रोसेस_मेमरी' ठेवा. नुसतं 'मेमरी' ठेवलं की ते अख्ख्या मशीनबद्दल आहे की एका प्रोसेसबद्दल, हे कळत नाही. 'पीएसयूटिल' हे नाव तर स्वतःच्या फाइलला कधीच देऊ नका. इम्पोर्ट करताना खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलली जाते.

२. फंक्शनच्या नावात काय मोजलं आणि कशात मोजलं, दोन्ही येऊ द्या: 'करंट_आरएसएस_बाइट्स', 'पीक_आरएसएस_बाइट्स'. नाव लांब झालं तरी चालेल, खरंच चालेल. आत्ताचा आकडा आणि आजवरचा उच्चांक यांची गल्लत झाली, तर नसलेली मेमरी गळती शोधण्यात दिवस जातो.

३. आत सगळं बाइटमध्येच ठेवा. रूपांतर वाचतानाच, एकाच जागी करा. एमबी फक्त स्क्रीनवर दाखवताना.

एक सावधगिरी: अनेक प्रोसेसचे आरएसएस आकडे बेरजेत धरू नका, सामायिक लायब्ररींची पानं (मेमरीचे तुकडे) पुन्हापुन्हा मोजली जातात. लिनक्सवर बेरजेसाठी 'पीएसएस', म्हणजे सामायिक पानं वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये वाटून मोजलेला आकडा, घ्या आणि त्याचं फंक्शन वेगळ्या नावाने लिहा.