पावसाळी वेलींचा मांडव: आधी खांबांचे पाय, मग जाळी

मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते आणि मुंबईत मोसमी पाऊस त्यानंतर चार-पाच दिवसांत येणे अपेक्षित असते. शिराळी, कारली, पडवळ, काकडी लावायची असतील तर मांडव मे महिन्यातच उभा करून ठेवा. रोपे वर आल्यावर खड्डे खणले की कोवळी मुळे तुटतात, आणि चिखलात रोवलेला खांब कधीच घट्ट बसत नाही.

मांडव आडवा होतो तो बहुतेक वेळा जाळीमुळे नाही, खांबामुळे. लाकूड सगळ्यात आधी कुजते ते जमिनीच्या पातळीला, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. वरून सगळे धडधाकट दिसत असते आणि ऐन जुलैत, वेल पानाफळांनी लगडलेली असताना, खांब नेमका तेवढ्या बोटभर जागेत मोडतो. म्हणून पैसा आणि मेहनत आधी खांबाच्या पायावर घाला.

खड्डा किमान दीड फूट, भुसभुशीत मातीत दोन फूट खणा. तळाला चार बोटे खडी टाका, खांब ओळंब्यात धरा आणि माती थराथराने पहारीने ठोकत भरा. खांबाभोवती माती थोडी उंच ठेवून बाहेर उतार द्या. लाकडाला सिमेंटचा पेला करू नका, त्यात पाणी अडून लाकूड आतल्या आत कुजते. खालच्या टोकाला आणि जमिनीवर वीतभर उंचीपर्यंत डांबर लावून पूर्ण वाळू द्या. गाडीचे जळके ऑइल मात्र भाजीच्या वाफ्यात नकोच. ते मातीत उतरते आणि तीच भाजी घरात खायची असते.

खांबाला बांबू घेत असाल तर भरीव जातीचा, जून आणि नीट वाळलेला घ्या. हिरवा बांबू वाळताना चिरतो, शिवाय त्याला भुंगेरा लवकर लागतो. बांबूचे वरचे टोक नेहमी गाठीच्या लगेच वर कापा. पेराच्या मध्ये कापले तर पोकळ नळीत पाणी साचते, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना तेवढे पाणी पुरते. आपल्या शहरात ही फार गंभीर गोष्ट आहे, कापण्याआधी एकदा गाठ बघाच. पाडलेल्या चाळीचे जुने सागवान मिळाले तर उत्तम. फक्त खिळे काढून घ्या, आणि जुना रंग घासू नका, त्यात शिसे असू शकते.

बांबूत थेट खिळा मारला की तो उभा फाटतो. आधी ड्रिलने भोक पाडून नटबोल्ट लावा, किंवा काथ्याने आवळून बांधा. तागाची सुतळी भर पावसात कुजते, तिच्यावर मांडवाचा भार सोपवू नका. वेलीला आधार द्यायला मात्र ती चांगली. कारली-काकडीचे तणावे, म्हणजे आधाराला विळखा घालणारे बारीक धागे, जाड बांबूला धरू शकत नाहीत, त्यांना सुतळी, बारीक तार किंवा कामटी (बांबूची चिरलेली पट्टी) लागते. वाल, चवळी आणि गोकर्ण स्वतःच पिळे घालत वर चढतात, त्यांना उभी काठी पुरते. जाळीचे घर सहा-सहा इंचांचे ठेवा, म्हणजे फळ तोडायला हात आत जातो.

मांडवाची लांबी उत्तर-दक्षिण असली की सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंना ऊन मिळते. पण पावसाळी वारा येतो पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून, म्हणजे अशा मांडवाच्या थेट अंगावर. पानांनी भरलेली जाळी मग शिडासारखी वारा धरते. खांब पाच-सहा फुटांवर घ्या, उंची हाताला पोहोचेल एवढीच ठेवा, दोन्ही टोकांच्या गाळ्यांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, तिरक्या काठ्यांची फुलीसारखी कैची मारा आणि दोन्ही बाजूंना तारेचे ताण द्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत आले होते. तसा इशारा मिळाला तर जाळी सोडवून खाली घ्या, खांब वाचतात.

गच्चीवर स्लॅबला भोके पाडू नका, वॉटरप्रूफिंग गेले की खालच्या घरात गळती सुरू होते. दोन ताट्या माथ्याशी जोडून तंबूसारख्या उभ्या करा, त्यांचे पाय मातीच्या ड्रममध्ये रोवा. शंभर लिटर ओली माती दीडशे किलोच्या पुढे जाऊ शकते, त्यामुळे ड्रम भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवा आणि सोसायटीला आधी विचारा. पाण्याच्या पाइपाला मांडव बांधणे धोक्याचे आहे. खिडकीच्या ग्रिलबाहेर ताटी लटकवू नका, खालून माणसे जात असतात.

बियाण्यात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कारल्याचे कोकण तारा, शिराळ्याचे कोकण हरिता आणि पडवळाचे कोकण श्वेता हे वाण आपल्या दमट हवेसाठी बघण्यासारखे आहेत. दुधी जड असतो, त्याच्यासाठी खांब जवळ घ्या किंवा फळाला कापडाची झोळी बांधा. वेल जमिनीपासून फूटभर वर येईपर्यंतची बगलफूट (पानांच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) खुडून टाका, बुंध्याशी हवा खेळती राहते आणि केवडा हा पानांवरचा बुरशीसारखा रोग कमी होतो. पावसाने उघडीप दिली की दर वेळी प्रत्येक खांब बुंध्याशी हाताने हलवून बघा. हलला तर त्याच दिवशी शेजारी दुसरा बांबू रोवून दोन्ही एकत्र आवळा.