लहान स्वयंपाकघरात भिंतीला लागून आडवा ओटा बांधताय? या चुका टाळा

फ्लॅटवाले ज्याला किचन आयलंड म्हणतात, त्याचं गावाकडच्या घरात बसणारं रूप म्हणजे एक टोक भिंतीला टेकलेला आडवा ओटा. एका बाजूनं भाजी चिरा, भाकर थापा, दुसऱ्या बाजूला पोरं जेवायला बसतील, खाली डबे. कल्पना चांगली आहे, पण विदर्भातल्या काळ्या मातीवर ती बहुतेक वेळा फरशीखाली बिघडते. म्हणून दगडाचा रंग निवडण्याआधी पुढचं वाचा.

जागा मोजताना

आधी एक इशारा: प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. इतक्यातल्या स्वयंपाकघरात आडवा ओटा प्रत्येक वेळी बसेलच असं नाही.

८ बाय १० फुटांची खोली धरा. मुख्य ओटा १० फुटी भिंतीला असेल तर समोर ८ फूट मिळतात. त्यातले २ फूट ओटा, ३ फूट उभं राहायला, दीड फूट आडवा ओटा. उरला दीड फूट, आणि तिथं स्टूलही नीट सरकत नाही. तोच मुख्य ओटा ८ फुटी भिंतीला घेतला तर पलीकडे साडेतीन फूट उरतात आणि बसायची सोय होते. आडव्या ओट्याची लांबी साडेचार फुटांच्या पुढे नेऊ नका. मोकळ्या टोकाशी ये-जा करायला किमान ३ फूट हवेत. मागच्या दाराकडे जाणारा रस्ता तर अजिबात अडवू नका. पाण्याची कळशी घेऊन येणारा माणूस कोपऱ्याला धडकतोच. तो कोपरा गोल करून घ्या.

खोली मोजताना प्लास्टर आणि टाइल्स धरायला लोक विसरतात. प्रत्येक बाजूला इंच-दीड इंच त्यातच जातं. खडूनं रेघा मारा, त्यावर विटा रचा आणि चार दिवस तसाच स्वयंपाक करा. फ्रिजचं आणि कपाटाचं दार पूर्ण उघडतं का, तेही तेव्हाच कळतं.

खरी चूक: थेट फरशीवर बांधणं

घराची भिंत खोल पायावर उभी असते. फरशी मात्र जोत्यातल्या भरतीवर असते, आणि ती भरती पुष्कळदा खोदकामात निघालेल्या काळ्या मातीचीच असते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भिंत जागेवर राहते, फरशी हलते. ओट्याचं एक टोक भिंतीत खोवलेलं आणि दुसरं फरशीवरच्या पायावर असेल, तर तो पाया अर्धा इंच जरी खचला तरी दगड मधोमध तडकतो. दोष मग ग्रॅनाइटवर जातो.

हे टाळायचं तर फरशी फोडा. ओट्याच्या पायांखाली फूटभर खोदा, काळी माती काढून टाका, मुरूम पाणी मारून दोन थरांत धुम्मसानं ठोका आणि त्यावर ४ इंच जाडीचं १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट घाला. त्यावर ४ इंची विटांचे पाये उभे करा: एक भिंतीला लागून, एक मोकळ्या टोकाकडे, लांबी ४ फुटांहून जास्त असेल तर एक मध्ये. दगड भिंतीत खोवू नका. तो पूर्णपणे स्वतःच्या पायांवर बसू द्या, भिंतीपाशी ३-४ मिलिमीटर फट ठेवा आणि ती सिलिकॉननं भरा. मिस्त्री म्हणेल, भिंतीत खोवला की मजबूत होतो. काळ्या मातीवर ते उलट आहे. मातीच्या भिंतीच्या घरात तर भिंतीवर भार टाकूच नका.

काम उन्हाळ्यात निघालं तर विटांच्या पायांना आणि काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा, ओली पोती गुंडाळून ठेवा. आपल्याकडच्या मेच्या उन्हात सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही.

बसायच्या बाजूला दगड बाहेर काढायचा असेल तर १८-२० मिमी ग्रॅनाइट आधाराशिवाय ६ इंचांपेक्षा जास्त काढू नका. या जाडीचा दगड चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरतो, पण खरा भार वेगळाच असतो: कोणीतरी गव्हाचा कट्टा त्याच कडेवर टेकवतं, किंवा पोरगं चढून बसतं. जास्त बाहेर हवा असेल तर पायात गाडलेले लोखंडी अँगल द्या.

शेगडी आडव्या ओट्यावर नको

मागं भिंत नसल्यानं फोडणीचं तेल दोन्हीकडे उडतं आणि जेवायला बसलेल्या पोराचा हात शेगडीपर्यंत पोचतो. वर एप्रिल-मेमध्ये कुलरचा झोत. ज्योत विझली तरी गॅस सुटत राहतो आणि हवेपेक्षा जड असल्यानं खाली फरशीवर साचतो. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवलेला असेल, तर शेगडी त्याच्या दिशेनं सरकवणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. शेगडी भिंतीकडच्या ओट्यावरच ठेवा.

सिलिंडर ओट्याखाली ठेवत असाल तर कप्पा आतून निदान २८ इंच उंच हवा. १४.२ किलोचं सिलिंडर कडीसकट दोन फुटांहून थोडं जास्त असतं आणि रेग्युलेटर फिरवायला वर हात जावा लागतो. म्हणून त्या कप्प्यात खाली ४ इंचाचा चौथरा करू नका. दाराला फरशीलगत जाळी ठेवा. नळी भिंतीत किंवा दगडामागे लपवू नका. ती तपासता आली पाहिजे आणि पाच वर्षांनी बदलायची असते.

सिंकचा मोह सोडा. सांडपाण्याच्या पाइपाला उतार द्यायला अर्धी फरशी फोडावी लागते.

मिक्सरसाठी विजेचा पॉइंट हवा असेल तर वायरीचा पाइप काँक्रीटच्या आधी टाका. राहून गेलं की वाटेत एक्स्टेंशन बोर्ड लोंबतो. आतले कप्पे प्लायऐवजी कडप्प्याचे करा, वाळवीचा प्रश्नच मिटतो. दारांना प्लाय वापरायचाच असेल तर आयएस ७१० मानकाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, आणि जमिनीपासून दोन-तीन इंच वर.

उंची ठरवताना रोज भाकर थापणारीला उभं करा. कोपरापासून ४ ते ६ इंच खाली ओट्याचा माथा यावा. पाच फूट उंचीच्या बाईला ३१-३२ इंच पुरतात. माप तयार फरशीपासून घ्या.

बांधून झालंय आणि बिघडलंय

भिंतीच्या सांध्यात भेग आली असेल तर तिच्या टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. भेग तेवढीच राहिली तर साफ करून सिलिकॉन भरा. पांढरं सिमेंट ताठ असतं, पुन्हा निघून पडतं. भेग वाढतच असेल तर वरून भरून उपयोग नाही. दगड उचलून पाया नव्यानं करावा लागतो.

कडप्प्यावर लिंबू, चिंच, आंबट ताक सांडून पडलेले फिके डाग पुसून जात नाहीत. तो चुनखडीचा दगड आहे, आंबटानं खाल्ला जातो. तेल चोळलं की डाग काही दिवस दिसेनासे होतात, इतकंच. डाग काढायचेच असतील तर पुन्हा पॉलिश करून घ्या.