येऊरच्या जंगलातील वणवा किती भडकेल, याचा अंदाज कसा बांधावा

फेब्रुवारी उलटला की ठाणे-नवी मुंबईलगतच्या येऊर, पारसिक आणि खारघरच्या डोंगरांवर रात्री आगीची वाकडी रेघ दिसू लागते, आणि खालच्या इमारतींतून ती पाहणारे बहुतेक जण उन्हाळ्याला दोष देऊन मोकळे होतात. नुसत्या उन्हाने वणवा पेटत नाही. विडीचे थोटूक, हाताबाहेर गेलेली राबाची भाजणी (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जमीन जाळणे), नवे गवत फुटावे म्हणून लावलेली काडी, अशा माणसाच्याच कृतीतून आपल्याकडचे जवळजवळ सर्व वणवे सुरू होतात. लागलेली आग पाचोळा चाटून विझेल की झाडे मारून जाईल, हे मात्र मुख्यतः हवामान ठरवते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाला हा अंदाज बांधता यावा, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात गेल्या पावसाळ्यापासून करावी. ठाणे परिसरात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत संपतो. पारसिक किंवा खारघरच्या उघड्या उतारांवर चांगला पावसाळा म्हणजे भरघोस गवत, आणि हेच गवत मार्चमध्ये सरपण होते. म्हणून भरपूर पावसाच्या वर्षानंतर तेथे निर्धास्त राहू नये. दाट सदाहरित जंगलात याच्या उलट घडते. तेथे सरपण कायम असते, पण ते ओले असते, त्यामुळे दीर्घ अवर्षण आल्याशिवाय मोठी आग पसरत नाही. १९९७ आणि २०१५ च्या एल निनोमध्ये, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून तिकडचा पाऊस घटतो त्या काळात, इंडोनेशियात हेच झाले. निचरा करून सुकवलेली दलदलीची कुजट माती कित्येक आठवडे धुमसत राहिली आणि २०१५ मध्ये सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. येऊरचे जंगल पानझडी असल्याने दर उन्हाळ्यात स्वतःच पाने गाळून जळण्याजोगे होते. तेथे प्रश्न उरतो तो पाचोळा किती खोलवर वाळला आहे, एवढाच.

तो पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. सकाळी आठ वाजता सागाचे गळलेले पान मुठीत दाबले तर ते दवाने मऊ पडलेले असते आणि नुसते दुमडते. तेच पान दुपारी दोन वाजता चुरचुरत पीठ होते. पाने आणि गवत तासाभरात हवेप्रमाणे बदलतात, जाड ओंडक्याला मात्र सुकायला कित्येक आठवडे लागतात. यानंतर पाचोळ्याचा थर बाजूला करून मातीला टेकलेली पाने चाचपावीत. ती गार, ओलसर लागली तर आग वरवर पळून जाईल. तीही कुरकुरीत असतील आणि पडलेल्या ओंडक्याची साल हाताने सुटत असेल, तर आग एका जागी रेंगाळेल, आणि रेंगाळणारी आगच मुळांना व खोडांना मारते.

हवेचा विचार करताना केवळ तापमान पाहू नये. तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरपेक्षा अधिक, हा थंड देशांतला ठोकताळा ठाण्यात फारसा उपयोगाचा नाही, कारण आपल्याकडे ३० अंश हा रोजचाच आकडा आहे. हवा पाचोळ्यातून किती ओल ओढून घेईल, हे महत्त्वाचे. आर्द्रता ४० टक्केच राहिली, पण तापमान ३० वरून ३५ अंशांवर गेले, तर ही ओढ सुमारे एक तृतीयांशाने वाढते. एरवी दुपारपर्यंत खारे वारे सुरू होऊन हवा दमट करतात. मार्चमध्ये ज्या दिवशी पूर्वेचे कोरडे वारे दुपारनंतरही हटत नाहीत आणि खारे वारे उशिरा येतात, तो दिवस सर्वांत धोक्याचा समजावा. त्यातच उतार आला की वरची पाने आधीच तापून आग झपाट्याने चढते. उतार दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नये.

आग विझल्यानंतर तिची तीव्रता जमिनीवर वाचता येते. काळी राख आणि अर्धवट जळालेली पाने म्हणजे हलकी आग. पांढरी राख आणि खोडावर माणसाच्या उंचीपर्यंत चढलेला काळा डाग म्हणजे तीव्र आग. ऐनाची जाड, भेगाळ साल बरेच काही सोसते, पण पावसाळ्यात उगवलेली वीतभर रोपे हलक्या आगीतही मरतात. तीच जागा दरवर्षी जळत राहिली, तर झाडांचे छत्र विरळ होते, ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, गवत वाढते आणि पुढच्या वेळी तेवढ्याच उष्णतेत अधिक मोठा वणवा होतो. त्यामुळे जुन्या जळालेल्या जागा लक्षात ठेवाव्यात आणि कोरड्या वाऱ्याच्या दिवशी प्रथम तिकडे पाहावे.

धूर दिसताच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ठिकाण सांगताना जवळचा पाडा किंवा ओढा, धूर कोणत्या दिशेला झुकतो आहे आणि आग चढावर आहे की सपाटीवर, एवढे तरी सांगावे.