मेट्रो स्थानकाचं पायलिंग सुरू होण्याआधी इमारतीच्या भेगा कशा नोंदवाव्यात

ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली : २९ किलोमीटर, २२ स्थानकं. वाघबीळ, कोलशेत, बाळकुम, राबोडी असा हा मार्ग वस्तीतूनच जातो. रस्त्यात बॅरिकेडचे पत्रे लागले, जमिनीखालच्या लाइनी शोधायला खड्डे खणले जाऊ लागले, की पायलिंगची, म्हणजे जमिनीत खोल काँक्रीटचे खांब (पाइल) ओतण्यासाठी भोकं पाडणारी, रिग यायला फार दिवस उरत नाहीत. लगतच्या सोसायटीने भेगांची मोजमापं घ्यायची ती याच दिवसांत. काम सुरू झाल्यावर काढलेल्या फोटोवरून भेग जुनी की नवी हे सिद्ध करणं फार अवघड जातं, आणि भरपाईचं बोलणं तिथेच अडतं.

आधी पार्किंग आणि प्लिंथ (इमारतीचं जोतं), मग जिना, मग रस्त्याकडच्या भिंती, शेवटी गच्ची, अशा क्रमाने फिरा. प्रत्येक भेगेला नंबर द्या आणि दोन फोटो काढा : एक पूर्ण भिंतीचा, एक जवळून, भेगेला पट्टी लावून. बॅटरी भिंतीला समांतर धरली तर केसाएवढी चीरही सावलीने उठून दिसते.

मोठ्या भेगांवर काच बसवायची. प्रयोगशाळेच्या दुकानात मिळणारी ७५ बाय २५ मिलिमीटरची काचपट्टी यासाठी उत्तम. भेगेवर ती आडवी ठेवून फक्त दोन टोकं अ‍ॅराल्डाइटने चिकटवा, मध्ये थेंबही नको. इथे हमखास होणारी चूक म्हणजे काच रंगावर किंवा पुट्टीवर लावणं. भिंत हलली की पुट्टीचा पापुद्रा सुटतो, काच मात्र अखंड राहते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून खरवडून गिलाव्यापर्यंत जा. गिलावा टकटक करून पोकळ वाजला तर तोही काढा. काचेवर तारीख लिहा.

काच फुटली तर हालचाल झाली एवढंच कळतं, किती ते नाही. त्यासाठी तीन पितळी स्क्रू लावा : भेगेच्या एका बाजूला दोन, १०० मिलिमीटर अंतरावर, आणि पलीकडे एक, म्हणजे त्रिकोण होतो. डिजिटल व्हर्नियरने (बारीक अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) तिन्ही अंतरं घ्या. एकाच बाजूच्या दोन स्क्रूंमधलं अंतर बदलता कामा नये. बदललं तर मोजणाऱ्याचा हात चुकला, माप पुन्हा घ्या. बाकीच्या दोन अंतरांवरून भेग रुंदावते की भिंत सरकते ते कळतं. वेळ सकाळी सातचीच ठेवा. उन्हाने, विशेषतः गच्चीच्या कठड्यावर, भेग दिवसभरात उघडते आणि मिटते. रिग येण्याआधी निदान आठवडाभर रोज मापं घेतली, की इमारतीची स्वतःची ही हालचाल किती ते कळतं.

बीमच्या खाली विटांच्या भिंतीला लागून गेलेली आडवी चीर किंवा कॉलमच्या कोपऱ्यातली गंजाचा डाग असलेली उभी भेग सहसा मेट्रोची नसते. ती नोंदवा, पण मेट्रोच्या नावावर टाकू नका. तशी एक भेग निघाली की पुढची सगळी यादी संशयात जाते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, विटांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी भेग आणि अचानक अडकू लागलेलं तळमजल्याचं दार, हे मात्र पाया खचल्याचं लक्षण असू शकतं.

जमीन कोणती तेही पाहा. येऊरच्या डोंगराच्या बाजूला खडक फोडताना हादरे बसतात, परिणाम लगेच दिसतो. खाडीकडच्या चिकणमातीत पाइल कॅपच्या (पाइलच्या डोक्यांवर बसणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) खड्ड्यातून पाणी उपसलं की माती हळूहळू दबते, आणि त्याला आठवडे लागतात. तिथे सोसायटीच्या बोअरवेलची पातळीही दोरीने मोजत राहा.

नोंदींचे दोन संच करा, प्रत्येक पानावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. एक संच ठेकेदाराच्या साइट ऑफिसमध्ये देऊन आवक शिक्का घ्या आणि पत्रातच संयुक्त पाहणीची व हादऱ्यांच्या मोजणीच्या नोंदींची मागणी करा. जर्मन मानक डीआयएन ४१५० मध्ये घरांच्या पायाशी १० हर्ट्झपर्यंतच्या (सेकंदाला दहा कंपनांपर्यंतच्या) हादऱ्यांसाठी ५ मिलिमीटर प्रतिसेकंद ही कंपनाच्या वेगाची मर्यादा आहे. आकडे तपासताना ती उपयोगी पडते.

पायलिंग चालू असेपर्यंत रोज, नंतर आठवड्यातून एकदा, असं पाइल कॅपचा खड्डा बुजून एक पावसाळा जाईपर्यंत मोजा. तोपर्यंत कोणी हौसेने भेगा भरून रंग देणार असेल तर थांबवा.